भिंतीपाशी

माझा गळा चांगला आहे, हे मला माहीत होतं
आणि देवाच्याही ते ध्यानात राहावं
अशी माझी तजवीज असे.
तिग्रायच्या त्या कड्यावरल्या देवळात
पहाटे तीनला
स्तोत्रातलं एकेक लांबलेलं अक्षर
मी छतापर्यंत नेऊन ठेवायचो.

लेतेब्रहान आत येत नाही.
वहाणा काढते, आवाराच्या भिंतीला कपाळ टेकते,
तेवढ्यात उरकते.
एकदा विचारलं, काय मागता?
म्हणाली, "मागायचं कुठे सुचतं, बाबा.
आलेय, एवढं सांगते.
मग गाढव सोडायचं असतं."

त्या साली टेफ कमीच पिकलं.
मोहरीहून बारीक दाणा, सांडला की मातीचाच.
तरी तिच्या तव्यावर
रोज एक इंजेरा जास्तीची.
कुणासाठी, ते तिलाही ठाऊक नसे.
संध्याकाळपर्यंत कुणीतरी येईच.
दोनदा तर मीच होतो.

उपासाच्या चाळिसाव्या दिवशी माझा आवाज बसला.
आत दुसरा गात होता, बेसूर, मन लावून.
मी बाहेर, अनवाणी. दगड गार.
भिंतीत एका जागी
कपाळाएवढा गुळगुळीत खळगा.
तिथे टेकायचा धीर झाला नाही.
जरा खाली, बाजूला टेकलो.
आलोय, म्हटलं.

पुढचं वाक्य येईना.
मागे गाढव खुरानं माती उकरत होतं.