मुकी पट्टी

वडगावात आमच्या घरी चार लूम.
ताल मला कुणी शिकवला नाही,
तो भिंतीतून यायचा, रात्रपाळीतही.

सूर मात्र कॅम्पात होते.
सायकल, पडलेलं रेल्वे गेट, मग
ऑर्तेन्सिया टीचरांचा पियानो,
वाळवीच्या भीतीनं
रॉकेलच्या वाट्यांत पाय बुडवून उभा.
त्याची मधली एक काळी पट्टी
दाबली की दबायची, बोलायची नाही.
शहापूरच्या यल्लप्पा पेटीवाल्यानं
आत डोकं घालून पाहिलं:
"इल्ला री बाई, ही मेली."
टीचर मला म्हणाल्या,
"तिथं मनात वाजव.
पण तिचा वेळ तिला दे."

अकरा वर्षं दिला.

आता लाइपझिग, प्राग, मखमली खुर्च्या,
अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या बोलणाऱ्या.
परवा तिथल्या पेपरात आलं:
बाईंच्या वादनात एका स्वरापाशी
किंचित थांबणं आहे,
त्यामागं फार खोल चिंतन असावं.

बाबांना फोनवर मराठीत वाचून दाखवलं.
बराच वेळ नुसती खटखट.
मग म्हणाले,
"धागा तुटल्ता काय गं तिथं?"

चारही लूम चालू होते.
मला ओरडून सांगावं लागलं,
हो.