पोटाखालचं मीठ

वरून गाडी कुणीही धुतं.
मी खालून धुते.

उयुनीच्या वेशीवर, गंजक्या रेल्वेडब्यांच्या अलीकडे
माझा खड्डा आहे: दोन फळ्या, एक पंप,
आणि जूनच्या थंडीत काठीसारखी ताठणारी रबरी नळी.
मिठाच्या पठारावरून जीपा परततात.
प्रवासी हॉटेलात गरम पाणी शोधत असतात तेव्हा
मी फळ्यांखाली उताणी.

माणसं म्हणे खाल्ल्या मिठाला जागतात.
लोखंडाचं उलटं आहे, मीठच त्याला खातं,
आणि सुरुवात करतं कुणी बघत नाही तिथून,
चासीच्या सांध्यात, ब्रेकच्या नळीवर,
नटाच्या आट्यांत.
म्हणून निघण्याआधी जळकं तेल फासायचं,
आल्या आल्या सगळं धुऊन काढायचं.
"उद्या बघू" म्हणणाऱ्या एकाची गाडी
मागच्या कुंपणाला टेकून आहे.
तिच्यात कोंबडी अंडी घालते.

हवा पहाटे मोजा, चाक थंड असताना.
दुपारी आकडा खोटं बोलतो.
ओल्या मिठावर थोडी सोडा,
खडीला लागण्याआधी परत भरा.
टायर मधोमध झिजला तर हवा जास्त,
दोन्ही कडांना झिजला तर कमी.
नुसत्या आतल्या कडेला झिजला
तर मी ड्रायव्हरला चहा देते
आणि गप्प बसते.

सेनोबियोला तीन कप द्यावे लागले.
त्याच्या दाराच्या खांबावरचा वजनाचा पत्रा
फुटबॉल क्लबच्या स्टिकरखाली गेलेला.
मी नखानं खरवडला. सातशे किलो.
"यात तूही आलास," मी म्हटलं.
"सहा प्रवासी," तो म्हणाला, "टपावर डिझेल, गॅस, त्यांच्या बॅगा."
"आणि?"
मागचे पाटे सपाट झाले होते,
उलटे वाकायच्या बेतात.

तेव्हा सांगितलं त्यानं.
तुनुपाच्या पायथ्याशी आई एकटी असते.
यायला तयार झालीय, पण अट घातलीय:
आधी घर जाईल, मग मी.
म्हणून परतीच्या दर फेरीत
परदेशी बुटांखाली, सतरंजीनं झाकून,
चुलीचे तीन दगड.
किनवाचं पोतं.
निवडुंगाच्या लाकडाचं दार, भोकाभोकांचं.
आणि आज पाटा,
त्याचा तो चंद्रकोरीसारखा वरवंटा,
दोन हातांनी डोलवायचा, आईच्या आईचा.

"पाट्यांवर पाटा!" मी हसले,
मग हसू आवरून रागावले.
पान तुटलं असतं मध्यावर, मिठाच्या पांढऱ्या उजेडात,
सहा लोक, पाण्याच्या दोन बाटल्या,
आणि रात्री उणे पंधरा.
"दगड आणशील तेव्हा फक्त दगड आण."
एका दिवसाची कमाई बुडते, म्हणाला.
बुडू दे, म्हटलं.
बुडवली त्यानं. दोनदा.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी
तो तिलाच घेऊन आला, घरी जायच्या आधी
गाडी धुवायला.
पुढच्या सीटवर हॅट, हॅटखाली दोन्या बासिलिया,
मांडीवर कोंबड्याची टोपली.
मी आधीच खाली होते, टॉर्च पाट्यांवर.
सवय आहे, कुणी उतरलं की बघते
गाडी किती वर येते.

ती उतरली.
पाटे हलले नाहीत.
मी टॉर्च जवळ नेला. केसभरही नाहीत.

फळीवर तिचे पाय आले, टायरच्या रबराचे सँडल,
(त्यांची नक्षी अजून शाबूत होती,
आतल्या कडेला थोडी कमी)
ती वाकून फटीतून म्हणाली,
"तिथे काय करतेस गं, पोरी?"
तिच्या तळव्याखालचे चार खडे
माझ्या ओठावर पडले.

मी नळी सुरू केली.
त्या धुण्याचे पैसे सेनोबियोनं द्यायचे राहिलेत.
मीही मागितलेले नाहीत.