वरची ओळ जिंकते

पहिल्या दिवशी मी ह्रेप्नाला एवढंच सांगितलं:
यादीत जी ओळ वर, ती जिंकते.
खालची खोटी नसते,
झाकली जाते फक्त.

मासळीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
ती वजनकाट्यावर होती. आता निवृत्त.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचं विमान:
एक जॉयस्टिक, दोन पडदे,
पायाखाली पेडलं, आणि ती घसरू नयेत म्हणून
त्यांच्यामागे खारवलेल्या कॉडची रिकामी पेटी.

तिला आमचंच बेट हवं होतं, हेइमाए.
सिम्युलेटरनं आपल्या मनानं जे दिलं
त्यात कडे म्हणजे चादरीखालचे गुडघे
आणि सगळीकडे पाइनची दाट झाडी.
"झाडं?" हसता हसता तिला ठसका लागला.
"इथला वारा डोक्यावर टोपी टिकू देत नाही,
झाडं कुठली?"

मग आम्ही थर चढवत गेलो.
आधी उंचीची जाळी, दर पाच मीटरवर एक आकडा.
तिच्यावर उपग्रहाचा फोटो, ओल्या फडक्यासारखा अंथरलेला.
त्यावर विमानतळ, कुणा डॅनिश माणसानं
फुकट वाटलेला, खिडक्यांच्या काचांसकट.
तेव्हा कळलं, तिघांची समुद्रसपाटी वेगवेगळी.
धावपट्टी चार मीटर अधांतरी,
तिच्या काठावर तीन मेंढ्या,
खाली गवत दिसतंय, उतरता येत नाही.
दोन रात्री बसून मी ती खाली आणली.
झाडं काढायची फाईल निराळीच असते,
ती फक्त नाही म्हणायला शिकलेली:
इथे उगवू नये. इथेही नाही.

सगळं जुळलं त्या संध्याकाळी ह्रेप्ना म्हणाली,
"छान. आता हा डोंगर काढ."

पूर्वेचा डोंगर. ती सात वर्षांची असताना
जानेवारीतल्या एका रात्री जमीन फाडून वर आलेला.
अंगात भावाचा कोट, एकाच पायात मोजा,
बोटीच्या कठड्यावरून तिनं तो जन्मताना पाहिला.
घराचं नाव सोल्बाक्की. काही आठवड्यांनी ते गेलं.
आता लाव्ह्याखाली आहे,
तिच्या हिशेबानं चाळीस मीटर.
वजनकाट्यावरची बाई, आकडा उगाच फेकत नाही.

मी शोधलं. कुणीतरी जुन्या नकाशावरून
एकेक रेघ गिरवून केलेली जाळी सापडली:
डोंगराआधीचं बेट. ती ओळ वर ठेवली.

आणि काय गोंधळ! उंची जुनी, फोटो नवा.
काळा लाव्हा डांबरासारखा सपाट पडलेला,
शिखराची लाली नुसती रंगवलेली,
नवा किनारा समुद्रावर कागदासारखा तरंगतोय.
मी माफी मागणार होतो.
ती खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "राहू दे."

सेसना उडवलं. बंदर ओलांडलं.
साठ मीटरवरून सरळ गेली,
आज जिथे खडक आहे तिथून, आरपार.
मग वळून चर्चच्या मनोऱ्यापासून पूर्वेला
ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं
आणि काळ्या रंगावर विमान टेकवलं.
"हे अंगण," म्हणाली. "इथे कपड्यांची तार."
मला काळाच रंग दिसत होता.
तयार घरांतलं एखादं ठेवू का, विचारलं.
होती ती सगळी अमेरिकन, गॅरेजवाली.
"नको. वडिलांकडे गाडी नव्हती."

कॉफी झाली. मग तीच म्हणाली,
"ओळ परत खाली घे."
विमान तिथंच उभं, इंजिन चालू.
मला वाटलं, आता गाडलं जाणार.
पण सिम्युलेटर विमानाला
जमिनीच्या वरच ठेवतो,
जी जमीन त्या घटकेला वरची असेल तिच्यावर.

पडदा करडा झाला. उजळला.
विमान उतारावर, जरासं तिरपं, पंखा फिरतोय.
ह्रेप्नानं चष्मा पुसला,
उंचीच्या काट्यावर बोट ठेवलं,
मनात वजाबाकी केली.

"एक्केचाळीस," म्हणाली.
"मी एकानं चुकले."