कोपर

सहकारनगरच्या या फ्लॅटमध्ये ऊन टेबलावर येतं
दुपारी तीनला, म्हणून आपण तीनलाच बसतो.
बुटांची खोकी अकरा. वर तुझं अक्षर:
'वरंधा, ८९'. 'आंबोली (परत)'. 'कास, फुलं नव्हती'.
एकावर नुसतंच 'रस्ता'.

आता फोटो मी काढते. खोक्यातून.
तू तो नाकाशी नेतोस, मग मान वळवून
कोंबड्यासारखा एका बाजूने बघतोस.
टिळक रोडच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर
गोल काढून दाखवला होता, मध्ये काळं केलं होतं:
मधलं जातं, कडा राहतात.
परतताना रिक्षात तू म्हणालास,
म्हणजे समास शिल्लक.
जन्मभर प्रुफं तपासलेला माणूस, दुसरं काय म्हणणार.

मला एक सांगायचं राहून गेलंय.
यातलं फारसं काही मी पाहिलेलं नाही.
मी गाडी चालवत होते.
तू आळंदी रोडला रिव्हर्स घेताना
दोनदा खांब पाडलेस, आणि वर म्हणालास,
बरंच झालं, हात मोकळे राहतील.
तू सह्याद्री पाहिलास. मी पाहिला
पुढच्या ट्रकचा फुटका दिवा,
साइडपट्टीची खचलेली माती,
भोरच्या पुढचे खड्डे, चढाला
वर वर सरकणारा तापमानाचा काटा.
डोंगर असायचे डोळ्याच्या कोपऱ्यात,
निळसर काहीतरी, मागे जाणारं.
रात्री मुक्कामावर तू विचारायचास,
काय दिसत होतं, ना?
मी हो म्हणायचे.
तीस वर्षं हो म्हणायचे.

आता बघते. निवांत. एकेका धबधब्याला पाच-पाच मिनिटं.
हे इतकं हिरवं होतं?
नीरा-देवघरचं पाणी एवढं आत शिरलं होतं?
तू म्हणतोस, सांग ना काय आहे,
आणि मी तुला तुझाच फोटो सांगते:
डावीकडे सुळका, खाली ढग, मध्ये एक म्हैस.
म्हैस नव्हती, तू म्हणतोस.
म्हैस आहे, विद्याधर.
नव्हती.
मग म्हशीपायी दोघांचा चहा गार.

काल 'रस्ता' उघडलं.
त्यात सगळे बिघडलेले,
लॅबवाल्याने मागे निळ्या पेनने फुली मारलेले,
ज्यांचे पैसे त्याने लावले नव्हते.
दरी उजवीकडे आली की तू माझ्या अंगावरून
कॅमेरा न्यायचास, जरा मागे हो म्हणत,
मी ओरडायचे, वळण आहे, मेल्या!
आणि मागे व्हायचे नाही.
म्हणून हे असे:
आडवी आलेली मी, धुरकट नाक,
उडालेली बट, स्टिअरिंगचा तुकडा.
मधोमध, लख्ख, आंबेनळीची दरी
आणि कडेला, प्रत्येकात, कोपर.

हे टाकून देऊ, मी म्हटलं, यात काही नाही.
तू हात पुढे केलास.
मान वळवलीस, तशीच, कोंबड्यासारखी,
आणि बराच वेळ धरून राहिलास उन्हात.
"हा पिवळा ब्लाउज," म्हणालास.
"बाहीची शिवण उसवलेली.
महाडला आपल्याला सुई मिळाली नव्हती."

मी घेऊन पाहिलं.
मला दरीच दिसली. आधी दरी.
मग पुष्कळ वेळाने शिवण.

खाली पार्किंगमध्ये गाडी कव्हरखाली आहे,
बॅटरी उतरलेली, वायपरला चिमणीचं काहीतरी.
खडकवासल्यापर्यंत तरी, तू म्हणालास,
पहाटे, गर्दी नसताना.
मी म्हटलं, बघू.
मेकॅनिकला फोन केलाय, तुला सांगितलेलं नाही.
कोणी काय बघायचं
तेवढं ठरायचंय.