ओ वर्तुळ नसतो

लिव्हिंग्स्टनमधल्या बंद कारखान्याच्या कपाळावरची
चार अक्षरं उतरवायचं काम आमच्याकडे आलं.
ओ, एस, आर, ए.
मी मनातल्या मनात वाचलं: ओसरा.
आणि ओसरलंच होतं सगळं,
सर्किटबोर्डं, तिन्ही पाळ्या, कँटीनचा चहा.
गाड्यांच्या तळावर फटीफटींतून गवत.

अक्षरं मात्र अजून उद्याचीच.
कोपरे गुळगुळीत, जाडी सगळीकडे सारखी,
ए च्या पोटात आडवी काडी नाही,
आर चा पाय अर्ध्यावरच अधांतरी,
जणू यानाला शिडी लावायची राहिलीय.
एकोणीसशे चौऱ्याहत्तरमध्ये
दोन हजार साल असं दिसायचं.

अक्षर म्हणजे जे झिजत नाही, असं शाळेत घोकलेलं.
इथे स्क्रू गंजलेले,
एस च्या वळणात कबुतराचं घरटं, रिकामं.

फर्गस पाळण्यात, वर. मी खाली टेप घेऊन.
कुंपणापाशी एक बाई, हिरवा रेनकोट,
हातात कुत्र्याचा पट्टा, कुत्रा कुठेच नाही.
"ओ जपून उतरवा," म्हणाली, "तो मी काढलाय."

इशबेल रँकिन. तेव्हा बावीस वर्षांची,
ड्रॉइंग ऑफिसात एकटीच मुलगी.
साहेबांची सक्त ताकीद होती: कंपास आणि पट्टी,
तिसरं काही नको.
माणसाचा हात दिसता कामा नये.

"कंपासने ओ काढला, भिंतीवर लावून लांबून पाहिला,
तर आडवा फुगलेला, डोक्यात जड,
जेवून सुस्तावल्यासारखा.
मग कडेने थोडा आवळला,
डोक्याशी नि बुडाशी जरासा तासला.
तेव्हा कुठे गोल दिसायला लागला."

आणि एस?

ती हसली. "एस कंपासचं ऐकतच नाही.
तो रात्री घरी काढला, ओट्यावर कागद पसरून, नुसत्या हाताने.
सकाळी त्यावर त्रिज्यांचे खोटे आकडे लिहिले."
पन्नास वर्षं कोणी ते पडताळले नाहीत.

ओ खाली आला तेव्हा मी टेप लावली.
उंची एकशे वीस, रुंदी एकशे सतरा.
बाजूची जाडी अठरा, डोक्याची सतरा.
पुन्हा लावली. तेच.

मग एस आला, दोरांवर हलत, घरट्यासकट.
ती पुढे झाली, आणि न शोधता
तिचं बोट खालच्या वळणावर एका जागी थांबलं.
"इथे किटली उकळली," म्हणाली. "मी उठले होते."

माझ्या डोळ्यांना काहीच दिसलं नाही.
हातमोजा काढून बोट फिरवलं:
तांदळाच्या कण्याएवढा उंचवटा,
एवढाच, गार.

भिंतीवर चार स्वच्छ ठसे राहिले होते,
अजून वाचता येतील असे.
वरून फर्गस ओरडला, भंगारच्या ट्रकमध्ये टाकू का?
थांब, म्हटलं,
माप घ्यायचं राहिलंय.