वजनाची वही

कारखाना बंद पडला तेव्हा ज्याला जे सापडलं ते त्यानं नेलं.
कुणी मोटार, कुणी तांब्याची तार,
मी ही वही.
ओझुर्गेतीच्या बायका टोपल्या भरून चहा आणायच्या
आणि तीस वर्षं मी हिच्यात ओल्या पानांचे किलो लिहायचे.
रकाने तसेच आहेत:
तारीख. नाव. आणलेलं वजन. तूट.

जिथे पानं कोमेजायला पसरत असू
त्या शेडमध्ये आता एकेचाळीस कुत्री झोपतात,
आणि एक गाढव,
ज्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.
लाकडात चहाचा वास मुरलाय.
ओली कुत्री अंग घासतात
तेव्हा तो पुन्हा वर येतो.

मंगळवार. एतेर, भट्टीवाली.
करपलेले पाव, अकरा किलो.
"मुद्दाम करपवलेस?"
"भट्टीचं काही सांगता येतं का," म्हणते
आणि रस्त्याकडे बघत बसते.

गुरुवार. शाळेतली दोन पोरं.
सत्तावीस तेत्री आणि एक स्वेटर,
जो आईला न विचारता आणलाय
हे स्वेटरच सांगत होता.
स्वेटर परत पाठवला. नाणी ठेवून घेतली.
मनाला लागलं, पण सुईला पैसे लागतात.

रविवारी बातुमीहून गाडी येते,
पिल्लं उचलून फोटो काढते,
फूल ना फुलाची पाकळी म्हणत एक पोतं उतरवते.
माझी तक्रार नाही.
पोतं कुणाचं, हे ताटलीत विचारत नाहीत.

तुटीच्या रकान्यात पूर्वी देठं आणि पाणी असायचं.
आता तिथे नावं असतात.
या हिवाळ्यात सहा.

आणि शनिवारी वालिको. वेल्डर, वय अडुसष्ट.
सातव्या वर्षी काकाच्या मेंढ्यांच्या कुत्र्याने
त्याचा दंड फाडला, वण अजून आहे.
फाटकाबाहेरूनच ओरडतो, "कोंडलीस का सगळी?"
मी कोंडते. मग पाठीवर पत्रा बांधून शिडी चढतो
आणि दिवसभर आकाशातून आम्हाला शिव्या घालतो.
जेवतोही वरच.
चीजच्या पावाची कड खाली येते.
"पडली," म्हणतो.
दर शनिवारी पडते, त्याच जागी,
जिथे तीन पायांची कोपेइका बसलेली असते.

फेब्रुवारीत बर्फ पडला, ओला, जड,
छपरं खाली बसवणारा.
रात्री तीनला फावडं घेऊन मी धावले
तर शेडवर कंदील.
दाराची कडी निसटलेली,
एकेचाळीसच्या एकेचाळीस मोकळी अंगणात,
माना वर करून रडताहेत,
आणि वर तो, शर्टाच्या बाह्या भिजवत, बर्फ ढकलतोय.
"लामारा, कोंड त्यांना!"
"तू यांच्यातून वर गेलास कसा?"
बराच वेळ फक्त फावड्याचा आवाज.
मग: "पळत."

उजाडेपर्यंत छप्पर राहिलं.
एक कोपरा सोडून.
तो शिडीवरून एकेक पायरी उतरला
आणि शेवटच्या पायरीवर अडला.
कोपेइकाने त्याच्या बुटावर नाक टेकवलं.
त्याने डोळे मिटले. हात शिडीला घट्ट.
मी कुत्रीला हाक मारायला हवी होती.
मारली नाही.
माझ्या काट्यावर कधी एक ग्रॅम इकडचा तिकडे झाला नव्हता,
पण किती वेळ तो तसा उभा होता
ते मला सांगता येणार नाही.

"पूर्वेचा पत्रा गेलाय," डोळे न उघडता म्हणाला.
"शनिवारी येतो."

घरी येऊन वही उघडली.
तारीख घातली. नाव घातलं.
आणलेलं वजन, इथे पेन थांबलं.
मग लिहिलं: खिळे, दोन किलो.

त्या रात्री त्याने एकही खिळा आणला नव्हता.
तीस वर्षांत हिच्यात केलेली
ही माझी पहिली खोटी नोंद.
खाडाखोड करणार नाही.