तेवीस थांबे

प्रॅक्टिकलसाठी वाचणारा माणूस हवा होता.
सर म्हणाले, पुस्तकाशेजारी छोटा आरसा ठेवा,
आपण मागे उभं राहा
आणि एका ओळीत डोळा किती वेळा थांबतो ते मोजा.
मी अशोक चौकातून बारा रुपयांचा आरसा आणला
आणि नायनाला बसवलं.
वर्गातल्या सगळ्यांनी आपापल्या मैत्रिणी बसवल्या होत्या,
मला वेगळा आकडा पाहिजे होता.

खरं सांगते, एवढंच कारण होतं.

आपल्याला वाटतं डोळा ओळीवरून सरकतो,
गरम भाकरीवरून लोणी सरकावं तसा.
नाही. तो उडी मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो,
आणि उडीत असतो तेवढा वेळ आंधळा असतो.
हे ऐकून नायना हसला.
धोटा उडताना कुणाला दिसतो, म्हणाला,
दिसतं ते कापड.

तो वाचायला शिकला मागच्या वर्षी,
कारखाना बंद पडल्यावर,
विडी घरकुलातल्या संध्याकाळच्या वर्गात.
त्याआधी सव्वीस वर्षं अक्षरं विणली त्यानं.
टॉवेलच्या काठावर 'सप्रेम भेट',
नवरानवरीची नावं, पतसंस्थांची नावं,
पडलेल्या उमेदवारांचीसुद्धा,
आणि एकही वाचलं नाही.
मागावर कापड पालथं असायचं,
म्हणून त्याची ओळख अक्षरांच्या पाठीशी.

आरशात बघून पहिल्यांदा तोच ओरडला,
अगं, हे येतं की मला!
पुस्तकावर मी टॉवेल अंथरला होता,
आणि आरशात उलटं पडलेलं 'सप्रेम भेट'
त्यानं एका दमात वाचलं.
मी 'प्रे'वर बोट ठेवलं.
हे काय?
तो गप्प. एकटं 'प्रे' त्याला कधी भेटलंच नव्हतं.

मग ओळ दिली :
सिद्धेश्वर तलावावर किती पक्षी आले ते मी मोजले नाहीत.

नऊ शब्द. मला सात थांबे पुरतात.
'ते' आणि 'मी' मी पाहतसुद्धा नाही,
ते असतातच.
नायनाचा डोळा 'सिद्धेश्वर'पाशी पाच वेळा उतरला,
देवाच्या नावात एवढी गर्दी कशाला, म्हणाला.
'किती'ला पुढे गेला, मागे आला,
पुन्हा पुढे.
वेलांटी आधी दिसते आणि नंतर बोलायची,
हा कुठला न्याय?
आतल्या खोलीत अम्माचं सूप थांबलं,
विडीवर दोरा तसाच धरून ती ऐकत होती.

तेवीस थांबे. त्यातले नऊ मागे.
सरांच्या नोट्समध्ये मागे जाणं चुकीत धरतात.
मी ते नायनाला सांगितलं, सांगायला नको होतं.
तो म्हणाला, तार तुटली तर मागे जावंच लागतं,
जो जात नाही त्याच्या कापडात भोक राहतं,
गिऱ्हाईक उजेडात धरतं तेव्हा कळतं.

यावर मी काही लिहिलं नाही.
तसा रकाना नव्हता.

रात्री उशिरा पाणी प्यायला उठले
तर बल्बखाली माझी जर्नल घेऊन तो बसलेला,
बोट ओळीखाली, ओठ हलताहेत.
वाचक क्रमांक चार. पुरुष. वय एकोणसाठ.
नवसाक्षर. गती अत्यंत मंद.
'अत्यंत'वर बराच वेळ गेला,
जोडाक्षर होतं, शिवाय
तिथं थांबण्यासारखं होतंही.

हा चार म्हणजे मीच ना?
हो.
नाव लिहायला जागा नव्हती?

नियम असतो तसा, असं काहीतरी मी पुटपुटले
आणि पेन घेऊन समासात लिहिलं :
नरसय्या राजेशम येमूल.

आरसा कपाटात होता. मी मोजलं नाही.
त्याचा डोळा कुठं उतरला, कितीदा परत फिरला,
'य्या'पाशी की आजोबांपाशी रेंगाळला,
मला सांगता येणार नाही.

खूप वेळानं त्यानं वही उजेडाकडे तिरकी धरली,
कापड धरतात तशी,
आणि म्हणाला,
'ये'ची मात्रा ढिली पडलीय. ओढून घे जरा.